निपाहची गोष्ट : वटवाघूळ तेच, वाट वेगळी

केरळमधून निपाहची बातमी आली की आठवड्याभरात दवाखान्यात एक प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, घरामागच्या चिंचेवर वटवाघळे लटकलेली असतात. झाड तोडून टाकावे का?" कुणी विचारते, मुलांना आंबे, पेरू द्यावेत की नाही. कुणी फळे खाणेच बंद केलेले असते.

ही भीती अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. निपाहची लागण झालेल्या शंभरांपैकी ४० ते ७५ माणसे दगावतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यावर मान्यताप्राप्त लस नाही आणि खात्रीचे औषधही नाही. पण कुऱ्हाड हातात घेण्याआधी या आजाराचा इतिहास एकदा वाचा. तो फार जुना नाही, १९९८ पासूनचा आहे. मलेशिया, बंगाल, बांगलादेश आणि केरळ या ठिकाणच्या साथींमागे विषाणूचे मूळ घर एकच होते, फळे खाणारे मोठे वटवाघूळ. पण तिथून माणसापर्यंत येण्याची त्याची वाट दर ठिकाणी वेगळी निघाली. डॉक्टर आणि सरकारे जेव्हा त्या वाटेकडे बघू लागली, तेव्हाच साथ हातात आली.

मलेशिया, १९९८ : डासांवर धूर, आजार मात्र चालूच

१९९८ च्या सप्टेंबरात मलेशियातील इपोह शहराच्या आसपास वराहपालन करणारी माणसे आजारी पडू लागली. ताप, डोकेदुखी, मग गुंगी, झटके आणि बेशुद्धी. मेंदूला सूज येण्याची ही लक्षणे आहेत. डुकरे आणि मेंदूज्वर एकत्र दिसले की कोणत्याही डॉक्टरला पहिली आठवण जपानी मेंदूज्वराची होते. त्याचा विषाणू डुकरांमध्ये वाढतो आणि क्युलेक्स जातीचे डास तो माणसापर्यंत आणतात. काही रुग्णांच्या रक्ततपासणीत जपानी मेंदूज्वराच्या खुणाही आढळल्या. निदान झाले असे सर्वांना वाटले. गावोगाव धुराची फवारणी सुरू झाली, लसीकरण सुरू झाले.

आजार थांबला नाही. शिवाय नीट पाहिले तर काही गोष्टी जुळत नव्हत्या.

जपानी मेंदूज्वर मुख्यतः लहान मुलांना होतो. इथे मुले बरीचशी ठणठणीत होती आणि धडधाकट प्रौढ पुरुष दगावत होते. डास तर सगळ्यांनाच चावतात, पण आजारी पडत होती ती जवळजवळ सगळी डुकरांची थेट देखभाल करणारी माणसे. त्यात बहुसंख्य चिनी वंशाचे होते. शेजारी राहणारे, पण डुकरांपासून लांब असणारे मलय मुस्लिम वाचत होते. ज्यांनी लस घेतली होती त्यांनाही आजार होत होता. आणि या खेपेला डुकरेही आजारी होती. ती भुंकल्यासारखी खोकत होती. जपानी मेंदूज्वराचा विषाणू अंगात असला तरी मोठ्या डुकराला सहसा काही होत नाही.

म्हणजे आजार डासातून येत नव्हता, डुकराच्या जवळ जाण्यातून येत होता. पण हाताशी एक परिचित नाव असले की त्याच्याविरुद्ध जाणारा पुरावा डोळ्यांना दिसत नाही. हे डॉक्टरांच्या बाबतीतही खरे आहे.

दरम्यान घाबरलेल्या शेतकऱ्यांनी डुकरे विकायला काढली. ट्रकमधून ती दक्षिणेकडे नेग्री सेंबिलान राज्यात गेली आणि सोबत आजारही गेला. तिथली साथ आधीपेक्षा मोठी होती. पुढे सिंगापूरच्या कत्तलखान्यांत मलेशियाहून आलेली डुकरे हाताळणाऱ्या ११ कामगारांना लागण झाली आणि त्यांतला एक दगावला.

सुंगाई निपाह गावचा नमुना

१९९९ च्या मार्चमध्ये मलाया विद्यापीठातील डॉ. काव बिंग चुआ यांनी रुग्णांच्या मेंदूभोवतीच्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर टाकले. त्यांतला एक नमुना सुंगाई निपाह नावाच्या गावातल्या रुग्णाचा होता. काही दिवसांत त्या पेशी एकमेकींत मिसळून मोठमोठे गोळे बनू लागल्या. जपानी मेंदूज्वराचा विषाणू पेशींचे असे काही करत नाही. गोवर, गालगुंड ज्या कुळात मोडतात, त्या कुळातले विषाणू असे करतात.

चुआ हे नमुने घेऊन अमेरिकेतील फोर्ट कॉलिन्सच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच कुळातला विषाणू दिसला. पुढच्या तपासण्यांत कळले की हा नवाच विषाणू आहे, पण त्याचा एक सख्खा भाऊ पाच वर्षांपूर्वीच सापडलेला आहे. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या हेंड्रा या उपनगरात शर्यतीचे घोडे आणि त्यांचा प्रशिक्षक ज्या विषाणूने दगावले होते, तो हेंड्रा विषाणू. नव्या विषाणूला गावाच्या नावावरून निपाह म्हटले गेले.

नाव बदलले तसे उपाय बदलले. डासांमागे धावणे थांबले आणि सगळे लक्ष डुकरांकडे वळले. सैन्य आणून सुमारे ११ लाख डुकरे मारण्यात आली. हजारो कुटुंबांची उपजीविका एका हंगामात गेली. मलेशियात तोपर्यंत २६५ जणांना मेंदूज्वर होऊन १०५ जण दगावले होते. डुकरे गेली आणि काही आठवड्यांत नवे रुग्ण येणे थांबले.

डुकरांत विषाणू कुठून आला?

हेंड्रा विषाणू ऑस्ट्रेलियातील मोठ्या फलाहारी वटवाघळांत राहतो, हे तोवर माहीत झाले होते. म्हणून शोध मलेशियातल्या वटवाघळांकडे वळला. चुआ आणि त्यांचे सहकारी तिओमान बेटावर गेले. वटवाघळे पकडण्याऐवजी त्यांनी सोपी युक्ती केली. वटवाघळे पहाटे परत येऊन ज्या झाडांवर बसतात, त्याखाली प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या अंथरल्या आणि वरून पडणारी लघवी गोळा केली. अर्धवट खाऊन टाकलेली फळेही तपासली. लघवीत निपाहचा विषाणू सापडला आणि एका उष्ट्या जाम फळावरही सापडला.

आता वाट स्पष्ट झाली. ज्या मोठ्या फार्मवर साथीची सुरुवात झाली, तिथे डुकरांच्या शेडला लागूनच आंब्याची झाडे होती. एकाच जागी डुकरेही आणि फळबागही, असे दुहेरी उत्पन्न. रात्री वटवाघळे आंब्यांवर यायची, उष्टी फळे आणि लघवी खाली पडायची, खाली डुकरे ती खायची. हजारो डुकरे एकमेकांना चिकटून राहत असल्याने विषाणूला एकातून दुसऱ्यात जायला भरपूर वाव होता. विषाणू वटवाघळांत बहुधा फार पूर्वीपासून होता. नवीन होती ती शेडवर झुकलेली फांदी.

त्यानंतर मलेशियात फळझाडे डुकरांपासून दूर ठेवण्यावर भर देण्यात आला. तिथली वटवाघळे कुठे गेली नाहीत आणि त्यांच्यातला विषाणूही गेला नाही. तरीही १९९९ नंतर मलेशियात माणसांतली निपाहची साथ पुन्हा आली नाही.

वटवाघळाला स्वतःला काही का होत नाही?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. आपल्या शरीरात विषाणू शिरला की प्रतिकारशक्ती मोठा भडका उडवते. ताप येतो, सूज येते. विषाणूइतकेच आपले नुकसान अनेकदा या भडक्याने होते. वटवाघळांच्या शरीरात विषाणूला आवर घालणारी यंत्रणा सतत जागी असते, पण भडका मात्र दाबून ठेवलेला असतो. उडण्यासाठी लागणारी प्रचंड ऊर्जा तयार करताना शरीरावर जो ताण येतो, तो सोसण्यासाठी ही सवय लागली असावी, असे बरेच शास्त्रज्ञ मानतात. त्यामुळे विषाणू आणि वटवाघूळ एकमेकांना सांभाळून राहतात. प्रत्येक वटवाघळात सदासर्वकाळ विषाणू असतो असेही नाही. तो अधूनमधून, थोड्यांच्या लघवीतून आणि लाळेतून बाहेर पडतो.

सिलिगुडी, २००१ : वाट रुग्णालयातून गेली

२००१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधील सिलिगुडीत ताप आणि बेशुद्धीची साथ आली. ६६ जण आजारी पडले, ४५ दगावले. त्या वेळी कोणताच विषाणू ओळखता आला नाही. मलेशियातली साथ सर्वांनी वाचली होती, पण सिलिगुडीत डुकरांचा संबंधच नव्हता. मग निपाह कुणाच्या डोक्यात येणार?

पाच वर्षांनी, २००६ मध्ये, जपून ठेवलेल्या नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि तो निपाहच होता हे कळले. अधिक धक्कादायक गोष्ट दुसरीच होती. ज्यांची माहिती मिळाली, त्या रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांचा रुग्णालयाशी संबंध आला होता. ते तिथले कर्मचारी होते, दाखल रुग्ण होते किंवा भेटायला आलेले नातेवाईक होते. पहिल्या रुग्णाला विषाणू कुठून मिळाला ते सापडले नाही. पण त्यानंतरची वाट खोकला, लाळ आणि उघड्या हातांनी केलेली सेवा अशी होती. मलेशियात जवळजवळ न दिसलेली ही गोष्ट, माणसाकडून माणसाला होणारी लागण, इथे ठळक दिसली.

बांगलादेश : मडक्यातला रस

सिलिगुडीपासून जवळच असलेल्या बांगलादेशात २००१ पासून निपाहच्या छोट्या छोट्या साथी येत राहिल्या, त्याही प्रामुख्याने हिवाळ्यात. तिथे डुकरे फारशी पाळली जात नाहीत. मग हिवाळ्यात असे काय घडते?

उत्तर नाश्त्यात सापडले. आपण ज्याला शिंदी म्हणतो, त्या झाडाचा गोड रस बंगालमध्ये थंडीत काढतात. रस काढणारा माणूस संध्याकाळी झाडाची साल तासतो आणि खाली मडके टांगतो. रात्रभर थेंब थेंब रस साठतो. सूर्य उगवायच्या आत तो ताजा, कच्चा प्यायचा, ही तिथली हिवाळ्याची मोठी हौस. २००५ मध्ये टांगाईल जिल्ह्यातल्या साथीचा तपास करताना रुग्ण आणि निरोगी शेजारी यांची तुलना केली गेली, तेव्हा कच्चा रस पिण्याचा संबंध पुढे आला. नंतर संशोधकांनी झाडांवर अंधारात चित्रण करणारे कॅमेरे बसवले. वटवाघळे रात्री येऊन तासलेल्या सालीवरून वाहणारा रस चाटताना त्यात दिसली.

उपायही गावातच होता. काही रस काढणारे मडके आणि तासलेली जागा बांबूच्या पट्ट्यांच्या चटईने झाकत असत. तिला तिथे 'बाना' म्हणतात. संशोधकांनी ती कॅमेऱ्यासमोर तपासली. चटई नीट बांधली असेल तर वटवाघळाला रसापर्यंत पोचता येत नाही. महागडे यंत्र नाही, औषध नाही, फक्त एक चटई. शिवाय हाच रस उकळून गूळ केला तर विषाणू टिकत नाही. अडचण फक्त कच्चा रस पिण्याच्या हौसेची आहे आणि आवडीचा पदार्थ सोडवणे किती कठीण असते, हे मधुमेहाच्या रुग्णांना मी वेगळे सांगायला नको.

कोझिकोड, २०१८ : या वेळी विषाणू ओळखला गेला

२०१८ च्या मे महिन्यात केरळच्या कोझिकोड जिल्ह्यात पेरांब्राजवळच्या एका कुटुंबातला तरुण तापाने दगावला. त्याचे निदान झालेच नाही. थोड्याच दिवसांत त्याचा भाऊ तशाच लक्षणांनी दुसऱ्या रुग्णालयात दाखल झाला. एकाच घरात दुसरा मेंदूज्वर, तोही इतक्या लवकर! तिथल्या डॉक्टरांनी हा योगायोग मानला नाही. नमुने मणिपालच्या विषाणू केंद्राकडे गेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निपाहवर शिक्कामोर्तब केले. सिलिगुडीत जे कळायला पाच वर्षे लागली, ते इथे दुसऱ्या रुग्णानंतर काही दिवसांत कळले.

तरीही किंमत मोठी होती. नंतरच्या सविस्तर तपासात एकूण २३ रुग्ण धरले गेले आणि त्यांतले २१ दगावले. पहिला सोडून बाकी सगळ्यांना लागण माणसाकडूनच झाली होती, बहुतेकांना रुग्णालयात. काही जण तर स्कॅनच्या खोलीबाहेर फक्त आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते. पहिल्या रुग्णाची सेवा करणाऱ्या लिनी पुदुसेरी या परिचारिकाही त्यांत गेल्या. त्या वेळी समोरच्या माणसाला काय झाले आहे, हे त्यांना कुणी सांगूच शकले नसते.

त्या घराच्या विहिरीत वटवाघळे सापडली आणि देशभर तीच छायाचित्रे फिरली. ती वटवाघळे कीटक खाणारी होती आणि त्यांच्यात निपाह आढळला नाही. विषाणू आढळला तो त्या भागातल्या मोठ्या फलाहारी वटवाघळांत. पहिल्या तरुणाला तो नेमका कसा मिळाला, हे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही.

केरळने त्यातून धडा घेतला. २०१९ मध्ये एर्नाकुलम येथे एक तरुण आजारी पडला, लवकर ओळखला गेला आणि वाचला. २०२३ मध्ये कोझिकोडात सहा जणांना लागण झाली, त्यांतले दोघे दगावले. विषाणू अजून येतो आहे, पण आता त्याची साखळी लांबत नाही.

आणि आपला महाराष्ट्र?

२०२० च्या मार्चमध्ये पुण्याच्या याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळे तपासली. काहींच्या रक्तात निपाहविरोधी प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, सापडल्या. २०२१ मध्ये ही बातमी आली तेव्हा बराच गोंधळ उडाला. तिचा अर्थ एवढाच की आपल्याकडच्या काही वटवाघळांचा या विषाणूशी कधी तरी संबंध आला आहे. त्या वेळी राज्यात निपाहचा एकही मानवी रुग्ण नव्हता. विषाणूचे घर जवळ असणे आणि आजार दारात असणे, या दोन गोष्टींमध्ये ती 'वाट' असते.

मग वटवाघळेच मारली तर?

हा प्रयोग जगात एकदा होऊन गेला आहे, निपाहच्या नाही तर मारबर्ग या दुसऱ्या विषाणूच्या बाबतीत. युगांडातील किटाका खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्गची लागण झाली. त्या खाणीत हजारो वटवाघळे होती. ती सगळी नष्ट करण्यात आली. काही काळाने बाहेरून नवी वटवाघळे येऊन तिथे वसली. २०१२ मध्ये जवळच्याच इबांडा गावात मारबर्गची साथ आली. तेव्हा खाणीतली नवी वटवाघळे तपासली, तर आधी सुमारे ५ टक्के बाधित असायची ती आता १३ टक्के होती. जुनी, संसर्ग होऊन गेलेली वटवाघळे गेली आणि त्यांच्या जागी संसर्ग न झालेली, विषाणूला सहज बळी पडणारी आली.

झाड तोडले तर चिंचेवरची वटवाघळे नाहीशी होत नाहीत, ती शेजारच्या आंब्यावर जातात. शिवाय फुलांचे परागीकरण, बियांचा प्रसार आणि कीटकांचा फडशा ही त्यांची कामे दुसरे कोण करणार?

तुम्ही काय करायचे?

• दात किंवा नखे लागलेले, उष्टे वाटणारे, खाली पडलेले फळ खाऊ नका. जनावरांनाही घालू नका. बाकीची फळे स्वच्छ धुऊन, शक्य तिथे सोलून निर्धास्त खा.

• उघड्या मडक्यात रात्रभर साठलेली कच्ची नीरा किंवा शिंदीचा रस टाळा. गूळ, काकवी यांची भीती नाही.

• ज्या झाडावर वटवाघळे बसतात, त्याखाली गुरे, शेळ्या, डुकरे बांधू नका. विहीर आणि पाण्याच्या टाक्या झाकून ठेवा.

• वटवाघूळ, मेलेले असले तरी, उघड्या हाताने उचलू नका. चावले किंवा ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लस हवी का, ते डॉक्टर ठरवतील.

• तापासोबत बरळणे, गुंगी, झटके किंवा श्वासाचा त्रास असेल तर घरी थांबू नका. लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला साधारण ४ ते १४ दिवस लागतात. म्हणून गेल्या दोन-तीन आठवड्यांत रुग्ण कुठे गेला होता, काय खाल्ले-प्यायले, घरात किंवा ओळखीत आणखी कुणी असे आजारी आहे का, हे न विचारताही डॉक्टरांना सांगा. कोझिकोडात निदानाची दिशा याच माहितीने मिळाली.

• रुग्णालयात भेटीला गर्दी करू नका. सोबत एकच जण थांबा, मास्क लावा, हात धुवा. सिलिगुडीत आणि कोझिकोडात बहुसंख्य लोकांना लागण झाडाखाली नाही, तर रुग्णालयात झाली होती.

घरामागची चिंच मात्र राहू द्या.